डेस्कटॉपवर मेल आपोआप यावा यासाठी: थंडरबर्डची पहिल्यापासून जुळणी

दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या बऱ्याच जणांचा मेल ब्राउझरच्या एका टॅबमध्ये उघडा असतो. दुपारपर्यंत टॅबांची गर्दी होते, मेलचा टॅब कुठेतरी मागे जातो आणि समोरच्याचा फोन येतो, "मेल टाकलाय, बघितला का?" सीएचं ऑफिस, छापखाना, हाउसिंग सोसायटीचं कार्यालय, शाळेचं ऑफिस, जिथे एकाच मेल आयडीवर कामाचे कागद येतात तिथे हे हमखास घडतं. आयकर किंवा जीएसटीची नोटीस नोंदवलेल्या मेल आयडीवर येते आणि तिला उत्तर द्यायची मुदत ठरलेली असते. असा मेल न बघता पडून राहणं परवडत नाही.

म्हणून मेलसाठी वेगळा प्रोग्राम बसवायचा. तो मागे चालू राहतो, सर्व्हरकडे (मेल जिथे येऊन पडतो त्या सेवेच्या संगणकाकडे) स्वतःहून विचारणा करत राहतो आणि नवीन काही आलं की सांगतो. विंडोजसोबत येणाऱ्या जुन्या मेल अ‍ॅपचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला थांबवला, तेव्हापासून पर्याय शोधणारे बरेच झाले आहेत. मी इथे थंडरबर्ड घेतो आहे. मोझिलाचा हा प्रोग्राम २००४ च्या डिसेंबरात पहिल्यांदा पूर्ण रूपात आला. तो फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. मेल तुमच्या संगणकावर साठवतो, त्यामुळे नेट गेलं तरी जुना मेल वाचता येतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या. 'आपोआप मेल तपासा' म्हटलं की लोक मिनिटांचा आकडा शोधतात, तो भरतात आणि काम झालं असं समजतात. प्रत्यक्षात चार गोष्टी जुळाव्या लागतात. प्रोग्राम चालू असला पाहिजे. तो सर्व्हरशी नीट जोडलेला पाहिजे. ज्या फोल्डरमध्ये मेल पडतो ते फोल्डर तो तपासत असला पाहिजे. आणि मेल आल्याचं तुमच्या डोळ्यांना किंवा कानांना कळलं पाहिजे. यातली एक जरी राहिली तरी मेल 'आला नाही' असंच वाटतं.

खातं जोडणं

थंडरबर्ड डॉट नेट या त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच डाउनलोड करा. शोधयादीत वर दिसणाऱ्या भलत्याच डाउनलोड साइटवरून घेऊ नका. या प्रोग्राममध्ये तुमचा सगळा पत्रव्यवहार जाणार आहे, तो कुठून आला हे ठाऊक असायलाच हवं.

पहिल्यांदा उघडलं की तो नाव आणि मेल आयडी विचारतो. आवृत्तीप्रमाणे खिडकीचं रूप थोडं वेगळं दिसेल, पण प्रश्न हेच असतात. नावाच्या जागी लिहिलेलं नाव समोरच्याला 'प्रेषक' म्हणून दिसतं, तेव्हा ते नीट लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालतं. मेल आयडी भरून पुढे गेलात की थंडरबर्ड त्या सेवेच्या सर्व्हरची माहिती स्वतः शोधून काढतो. जीमेल, याहू, आउटलुक डॉट कॉम अशा मोठ्या सेवांसाठी हाताने काही भरावं लागत नाही.

त्यानंतर तो विचारतो, आयमॅप की पॉप? सर्व्हरवरचा मेल संगणकावर आणायच्या या दोन पद्धती. इथे घाई करू नका. आयमॅपमध्ये मेलची मूळ प्रत सर्व्हरवरच राहते. तुम्ही ऑफिसात वाचलेला मेल घरी फोनवरही वाचलेला दिसतो, पुसला तर सगळीकडून पुसला जातो. पॉपमध्ये मेल उतरवून घेतला जातो, आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची की नाही हे सेटिंगवर अवलंबून असतं. एकच आयडी दोन-तीन जण किंवा दोन-तीन यंत्रं वापरत असतील तर आयमॅपच घ्या. पॉपवाल्या एका संगणकाने मेल उतरवून सर्व्हरवरून काढून टाकला, तर बाकीच्यांना तो कधी दिसणारच नाही. पॉप घ्यायचंच असेल तर सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' समोर खूण आहे का आणि त्याखाली किती दिवसांची मर्यादा घातली आहे, हे आधी बघा.

जीमेलच्या खात्यासाठी पुढे गुगलचं लॉगिन पान उघडतं. तिथे पासवर्ड टाकायचा, फोनवर येणारी पडताळणी पूर्ण करायची आणि थंडरबर्डला परवानगी द्यायची. या पद्धतीला ओऑथ म्हणतात. यात तुमचा पासवर्ड थंडरबर्डकडे साठवला जात नाही, गुगल त्याला वेगळी परवानगी-चिठ्ठी देतं. गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं २०२२ च्या मे अखेरीपासून बंद करायला घेतलं, आणि आउटलुक डॉट कॉमने १६ सप्टेंबर २०२४ पासून. त्यामुळे जुन्या एखाद्या मार्गदर्शिकेत 'नॉर्मल पासवर्ड निवडा' असं वाचलंत तर या दोन्ही ठिकाणी ते सोडून द्या आणि 'ओऑथ२' निवडा. लॉगिनचं पान कोरंच राहिलं किंवा पुन्हापुन्हा पहिल्या पायरीवर येत राहिलं, तर थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी विभागात कुकीज (लॉगिन लक्षात राहावं म्हणून साइट ठेवते त्या छोट्या नोंदी) स्वीकारण्याची खूण काढलेली आहे का बघा. ती लावल्याशिवाय ही परवानगी पुरी होत नाही.

स्वतःच्या डोमेनवरचा मेल असेल, म्हणजे दुकानाच्या किंवा संस्थेच्या नावाचा, तर होस्टिंगवाल्याकडून चार गोष्टी लिहून घ्या: येणाऱ्या मेलच्या सर्व्हरचं नाव, जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरचं नाव, दोन्हींचे पोर्ट (सर्व्हरवर कोणत्या दाराने जोडायचं त्याचा क्रमांक) आणि युजरनेम. युजरनेम म्हणून बहुतेक ठिकाणी पूर्ण मेल आयडीच द्यावा लागतो. सुरक्षित आयमॅपचा पोर्ट ९९३, सुरक्षित पॉपचा ९९५. मेल पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. पोर्ट ४६५ असेल तर सुरक्षेच्या जागी 'एसएसएल/टीएलएस' आणि ५८७ असेल तर 'स्टार्टटीएलएस' निवडायचं. हे दोन उलटसुलट झाले की मेल येतो पण जात नाही, आणि दोष कुठे आहे ते चटकन कळत नाही.

तपासणीचं सेटिंग

वर उजव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघांचं बटण आहे. त्यावर टिचकी मारून 'अकाउंट सेटिंग्ज' उघडा. डावीकडे तुमच्या आयडीखाली 'सर्व्हर सेटिंग्ज' अशी ओळ दिसेल. आयमॅप खात्याला तिथे तीन चौकटी दिसतात.

पहिली, 'चेक फॉर न्यू मेसेजेस अ‍ॅट स्टार्टअप'. प्रोग्राम उघडताक्षणी मेल तपासायचा की नाही. खूण ठेवा.

दुसरी, 'चेक फॉर न्यू मेसेजेस एव्हरी', आणि पुढे मिनिटांचा आकडा. मुळात तिथे १० असतं. पुष्कळ जण ते १ करतात. मी तसं करू नका म्हणेन, आणि त्याचं कारण तिसऱ्या चौकटीत आहे.

तिसरी, 'अलाउ इमिजिएट सर्व्हर नोटिफिकेशन्स व्हेन न्यू मेसेजेस अराइव्ह'. सगळ्यात कामाची आणि सगळ्यात कमी वाचली जाणारी ओळ. तिच्यामागे आयमॅपची 'आयडल' नावाची सोय आहे. ती १९९७ साली प्रमाणित झाली. ती नसताना थंडरबर्ड दर दहा मिनिटांनी दार वाजवून विचारतो, 'काही आलं का?' ती असली की तो जोडणी उघडी ठेवून बसतो, आणि मेल आला की सर्व्हरच त्याला कळवतो. मेल काही सेकंदांत समोर येतो. जीमेलसह बहुतेक आयमॅप सर्व्हर ही सोय देतात.

मग मिनिटांची चौकट कशाला? उघडी ठेवलेली जोडणी कायम टिकत नाही. वायफाय क्षणभर जातं, राउटर बराच वेळ शांत असलेली जोडणी तोडून टाकतो, लॅपटॉप झोपून उठतो. अशा वेळी सर्व्हरचा निरोप वाटेतच राहतो आणि तुम्हाला वाटतं आज मेलच नाहीत. दर १० मिनिटांची तपासणी ही त्या प्रसंगासाठी आहे. म्हणून दोन्ही खुणा ठेवा आणि आकडा १० वरच राहू द्या. कामच तसं असेल तर ५ करा. त्याहून खाली गेल्याने आयमॅपमध्ये हाती काही लागत नाही.

पॉप खात्याला आयडल ही सोयच नाही. तिथे मिनिटांचा आकडाच सगळं ठरवतो, आणि शेजारी 'ऑटोमॅटिकली डाउनलोड न्यू मेसेजेस' अशी आणखी एक खूण असते. ती नसेल तर थंडरबर्ड 'मेल आहे' एवढं सांगतो, उतरवत मात्र नाही.

दोन किंवा जास्त आयडी जोडले असतील तर हे सेटिंग प्रत्येकाचं वेगळं असतं. एकाचं केलं म्हणजे सगळ्यांचं झालं असं नाही.

फोल्डर: मेल खरा हरवतो तो इथे

थंडरबर्ड आपोआप तपासतो तो मुख्यतः इनबॉक्स. बाकीच्या फोल्डरांमध्ये काय पडलं, हे तुम्ही ते फोल्डर उघडेपर्यंत त्याला बहुधा कळत नाही. इनबॉक्समध्येच सगळं येत असेल तर अडचण नाही. पण ज्यांनी जीमेलमध्ये फिल्टर लावले आहेत, म्हणजे अमुक पत्त्यावरून आलेला मेल तमुक लेबलमध्ये टाक आणि इनबॉक्समधून वगळ, त्यांचा तो मेल थेट त्या लेबलच्या फोल्डरमध्ये जातो. डेस्कटॉपवर आवाज नाही, सूचना नाही, फोल्डरचं नावसुद्धा ठळक होत नाही.

एका छापखान्यात असंच चालू होतं. वर्तमानपत्राच्या जाहिरातींचे मेल 'जाहिरात' या लेबलमध्ये जावेत असा फिल्टर कुणीतरी पूर्वी लावून ठेवला होता. डीटीपी करणारी ताई दिवसभर इनबॉक्सकडे लक्ष ठेवून असायची, आणि संध्याकाळी पानं लावायच्या वेळी दुरुस्तीचा मेल सकाळीच आलेला सापडायचा. मिनिटांचा आकडा दहावरून पाच, पाचवरून एक असा खाली खाली आणला गेला होता. त्याचा उपयोग होण्यासारखा नव्हता, कारण तपासणी चुकीच्या जागी चालली होती.

उपाय अगदी छोटा आहे. डावीकडच्या यादीत त्या फोल्डरवर उजवी टिचकी मारा, 'प्रॉपर्टीज' उघडा. 'जनरल इन्फर्मेशन' या पहिल्याच पानावर एक लांबलचक ओळ आहे: 'व्हेन गेटिंग न्यू मेसेजेस फॉर धिस अकाउंट, ऑलवेज चेक धिस फोल्डर'. तिच्यासमोर खूण करून ओके म्हणा. यापुढे इनबॉक्स तपासला जाईल तेव्हा हे फोल्डरही तपासलं जाईल. जिथे कामाचा मेल पडतो त्या प्रत्येक फोल्डरला ही खूण करावी लागते. स्पॅम फोल्डरलाही ती लावावी असं माझं मत आहे, निदान ज्या आयडीवर सरकारी नोटिसा किंवा नवी गिऱ्हाइकं येतात त्या आयडीला. पहिल्यांदाच लिहिणाऱ्या माणसाचा मेल स्पॅममध्ये जाणं काही दुर्मीळ नाही. खूण लावली तरी स्पॅमच्या मेलची सूचना पडद्यावर येईलच असं धरून चालू नका. न वाचलेल्यांचा आकडा फोल्डरच्या नावापुढे दिसतो, तो बघायची सवय ठेवा.

जीमेलच्या 'ऑल मेल' फोल्डरला मात्र ही खूण लावू नका. त्यात इनबॉक्समधला प्रत्येक मेल पुन्हा असतो, त्यामुळे एकच मेल दोनदा मोजला जातो. ते फोल्डर थंडरबर्डमध्ये नकोच असेल, तर ब्राउझरमध्ये जीमेल उघडून सेटिंग्जच्या लेबल्स पानावर 'ऑल मेल' समोरची 'शो इन आयमॅप' ही खूण काढा.

प्रोग्राम चालूच नसेल तर

वरचं सगळं नीट करूनही थंडरबर्ड बंद असेल तर काहीच होत नाही. फोनची सवय असलेल्या माणसाला हे चटकन लक्षात येत नाही, कारण फोनवर अ‍ॅप बंद दिसत असतानाही सूचना येत राहतात. विंडोजवर खिडकी फुलीने बंद केली की तपासणी थांबली. संगणक स्लीपमध्ये गेला तरी थांबली.

म्हणून दोन गोष्टी करा. एक, संगणक सुरू होताच थंडरबर्डही सुरू होऊ द्या. विंडोजवर विंडोज आणि आर या दोन कळा एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल, तीत इंग्रजीत शेल, मग कोलन, मग स्टार्टअप असं मधे जागा न सोडता टाइप करा आणि एंटर मारा. जे फोल्डर उघडेल त्यात थंडरबर्डचा शॉर्टकट कॉपी करून ठेवा. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये जनरल, मग 'लॉगिन आयटम्स' इथे प्लसच्या खुणेने थंडरबर्ड जोडा. उबुंटूसारख्या लिनक्सवर 'स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्स' मध्ये.

दुसरी, विंडोजवर थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये जनरल पानावर 'व्हेन थंडरबर्ड इज मिनिमाइज्ड, मूव्ह इट टू द ट्रे' ही खूण करा. मग खिडकी खाली केली की ती टास्कबारवरची जागा अडवत नाही, घड्याळाशेजारी बारीक चित्र होऊन बसते. खिडकी बंद करायची नाही, खाली करायची, एवढं ऑफिसातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

प्रायमरी पासवर्ड, म्हणजे थंडरबर्डमध्ये साठवलेल्या लॉगिनवरचं कुलूप, लावला असेल तर तो प्रोग्राम उघडल्यावर टाकेपर्यंत थंडरबर्डला साठवलेलं लॉगिन वापरता येत नाही, म्हणजे मेलही तपासला जात नाही. अनेकांचा हात लागणाऱ्या संगणकावर हा पासवर्ड जरूर ठेवा, पण सकाळी आल्याआल्या तो टाकायचा हे ठरवून घ्या.

सूचना

सेटिंग्जच्या जनरल पानावर खाली 'इनकमिंग मेल्स' असा भाग आहे. 'शो अ‍ॅन अलर्ट' म्हणजे कोपऱ्यात चौकट येणं आणि 'प्ले अ साउंड' म्हणजे आवाज. शेजारच्या 'कस्टमाइज' मध्ये चौकटीत काय दिसावं ते ठरवता येतं: प्रेषक, विषय आणि मजकुराची पहिली ओळ. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, पडदा त्यालाही दिसतो, अशा जागी मजकुराची खूण काढा. प्रेषक आणि विषय पुरतो. दवाखाना किंवा वकिलाचं ऑफिस असेल तर विषयही काढा.

चौकट येतच नसेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून 'डू नॉट डिस्टर्ब' चालू आहे का आणि यादीत थंडरबर्डला परवानगी आहे का बघा. मॅकवरही तशीच यादी आहे. पुष्कळदा थंडरबर्डचं काम चोख झालेलं असतं आणि सूचना विंडोजनेच अडवलेली असते.

एकाच आयडीवर अनेक संगणक

सोसायटीत सचिव, खजिनदार आणि कार्यालयातला कर्मचारी असे तिघे एकच जीमेल आयडी वापरतात, शिवाय तिघांच्या फोनवरही तो असतो. अशा ठिकाणी कधीतरी 'टू मेनी सायमल्टेनियस कनेक्शन्स' असा संदेश येतो आणि तपासणी अडते. जीमेल एका खात्याला एकाच वेळी १५ आयमॅप जोडण्या देतं. थंडरबर्ड मुळात प्रत्येक खात्यासाठी ५ पर्यंत जोडण्या धरून ठेवतो. तीन संगणक झाले की पंधरा भरले, आणि फोनवरचं एखादं आयमॅप अ‍ॅप त्यात आलं की कोटा संपला. सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' बटण दाबा, 'मॅक्सिमम नंबर ऑफ सर्व्हर कनेक्शन्स टू कॅश' समोरचा ५ हा आकडा प्रत्येक संगणकावर २ करा आणि थंडरबर्ड बंद करून पुन्हा उघडा.

तपासून बघा

सगळं झालं की दुसऱ्या आयडीवरून, घरच्या कुणाच्या तरी, एक मेल पाठवा. स्वतःच्याच आयडीवरून स्वतःला पाठवू नका, त्यावरून खरी परीक्षा होत नाही. काही दाबू नका, थांबा. मिनिटभरात चौकट आली तर आयडल काम करतंय. दहा मिनिटांनी आली तर फक्त मिनिटांची तपासणी चालू आहे, तिसरी खूण पुन्हा बघा. आलीच नाही, तर एफ५ दाबा. त्याने निवडलेल्या खात्याचा मेल लगेच तपासला जातो, आणि शिफ्ट धरून एफ५ दाबलं तर सगळ्या खात्यांचा.

एफ५ ने मेल आला म्हणजे जोडणी ठीक आहे आणि दोष तपासणीच्या खुणांमध्ये आहे. एफ५ नेही आला नाही, तर खिडकीच्या अगदी खाली डाव्या कोपऱ्यातलं बारीक चित्र बघा. तिथे 'ऑफलाइन' असेल तर त्यावर एक टिचकी मारा. चुकून ते दाबलं गेलेलं पुष्कळदा आढळतं. ऑनलाइन असूनही पासवर्ड पुन्हापुन्हा विचारला जात असेल तर खात्याचा पासवर्ड अलीकडे बदललाय का आठवा. बदलला असेल तर लॉगिनची परवानगी नव्याने द्यावी लागते. आणि कालपर्यंत चाललेलं आज एकाएकी सुरक्षा प्रमाणपत्राची तक्रार करत असेल, तर अँटिव्हायरसने मेलच्या जोडणीत मधे शिरून तपासणी सुरू केली आहे का बघा, आणि संगणकाची तारीख बरोबर आहे ना तेही.

लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर चालवणाऱ्यांनी आणखी एक सेटिंग करावं. अकाउंट सेटिंग्जमध्ये 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' उघडा आणि सगळा मेल उतरवण्याऐवजी अलीकडच्या ३० दिवसांचा मेल साठवा, अशी मर्यादा घाला. नाहीतर वर्षानुवर्षांचे स्कॅन आणि पीडीएफ पहिल्याच दिवशी उतरायला लागतात आणि डेटा दुपारच्या आत संपतो. जुना मेल सर्व्हरवर असतोच, त्यावर टिचकी मारली की तेवढाच उतरतो.